ऐकण्याचे ऋण

माणसाच्या माथी जी ऋणे असतात, त्यांतली काही वहीत मांडता येतात आणि काही येत नाहीत. वाण्याची उधारी, बँकेचा हप्ता, शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर ही ऋणे आपल्या लक्षात असतात. ती फेडल्यावाचून मनाला स्वस्थता लाभत नाही. आईवडिलांचे आणि गुरुजनांचे ऋण आपण निदान शब्दांनी तरी मान्य करतो. परंतु ज्याने आपल्याला गाणे ऐकवले, त्याचे आपण काही देणे लागतो काय, आणि लागत असलो तर ते नेमके कोणते, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा निघत नाही. गाणे हवेतून येते आणि हवेत विरून जाते. हवेचे बिल कोण मागणार?

गेल्या आगमनकाळात नाताळची साफसफाई करताना हा प्रश्न आमच्यापुढे अकस्मात उभा राहिला. अंधेरी पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पोटमाळ्यावर एक पुठ्ठ्याचे खोके होते. त्यात आमच्या तरुणपणीच्या कॅसेटी आणि नंतरच्या काळातल्या सीडी होत्या. 'रॉक मशीन' ह्या मुंबईच्या बँडची १९८८ सालची 'रॉक अँड रोल रेनेगेड' होती. 'पेंटाग्राम'चा १९९६ सालचा पहिला अल्बम होता. 'वी आर नॉट लिसनिंग', म्हणजे आम्ही ऐकत नाही आहोत, असे त्याचे नाव. 'झीरो'चा २००५ सालचा 'हुक' होता. आमचा मुलगा शिडी धरून उभा होता. तो म्हणाला, "डॅडी, हे सगळं फोनवर फुकट मिळतं. भंगारवाल्याला देऊन टाकू या."

त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. आम्ही खोके खाली उतरवले आणि तळाशी हात घातला, तेव्हा एक सीडी हाताला लागली. तिला छापील वेष्टन नव्हते. पांढऱ्या कागदावर बॉलपेनने एक नाव लिहिले होते आणि ते अक्षर आमचेच होते. ते पाहून आम्ही खोके पुन्हा बंद केले आणि मुलाला सांगितले, की हे इतक्यात द्यावयाचे नाही. का, ते त्याला त्या वेळी सांगता आले नाही. ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या संगीताला आजची मुले 'इंडी' म्हणतात, ते म्हणजे स्वतंत्र संगीत. त्याच्या पाठीशी चित्रपटाची कथा नसते, नटाचा चेहरा नसतो आणि बहुधा मोठ्या कंपनीचे भांडवलही नसते. गाणाराच गाणे रचतो, वाजवतो, ध्वनिमुद्रणाचा खर्च सोसतो आणि यश आले काय किंवा अपयश आले काय, दोन्ही स्वतःच्या नावावर घेतो. आपल्या देशात गाणे म्हटले की सिनेमाचे गाणे असाच समज रूढ असल्यामुळे ही वाट नेहमीच अरुंद राहिली आहे.

मुंबईत ह्या वाटेला हक्काचे व्यासपीठ मिळाले ते १९८६ साली. फरहाद वाडिया ह्यांनी धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांतून पोरे लोकलने तेथे जात आणि शेवटच्या गाडीने परत येत. त्यांत आम्हीही असू. त्या काळी विलायती बँडांची गाणी हुबेहूब वाजवता येणे ही वाहवा मिळवण्याची सोपी युक्ती होती. अशा वेळी रॉक मशीनच्या मंडळींनी स्वतः रचलेली गाणी सादर केली आणि १९९३ साली बँडचे नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेवले. श्रोते दुसऱ्याची गाणी मागत असताना आपले गाणे पुढे करण्यास धैर्य लागते. आमच्या मते स्वतंत्र संगीताचा नैतिक अर्थ तेथेच आहे. ते सर्वच श्रेष्ठ असते असे नव्हे. कित्येकदा ते कच्चे आणि वेडेवाकडेही असते. पण त्याच्याखाली कोणाची तरी सही असते.

ह्या सहीचे मोल आपल्या समाजाला इतरांपेक्षा अधिक कळावयास हवे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडून संगीतशाळा होत्या. तेथे मेस्त्री मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवी. त्या शाळांतून तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचे आधारस्तंभ झाले. संगीतकार चाल सुचवी. ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवावे हे ठरवणारा संयोजक कित्येकदा गोव्याचा कॅथलिक असे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली काही नावे. गाणी देशभर गाजली, परंतु तबकडीच्या वेष्टनावर ह्यांची नावे क्वचितच आली. अँथनी गोन्साल्विस ह्यांनी १९५८ साली स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारून भारतीय रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. तो त्यांच्या सहीचा प्रयत्न होता. तो फार काळ टिकला नाही. पुढे १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' ह्या चित्रपटातील एका गाण्यात त्यांचे नाव आले, कारण संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य होते. लग्नांत आणि फेस्तांत आपण त्या नावावर मनसोक्त नाचलो. ते एका खऱ्या गुरूचे नाव आहे, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? गोन्साल्विस २०१२ साली निवर्तले.

आज चित्र काहीसे बदलले आहे, आणि ते आमच्याच परिसरात बदलले आहे. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरातील विवियन फर्नांडिस हा तरुण 'डिव्हाइन' ह्या नावाने रॅप करू लागला. २०१३ साली त्याचे 'ये मेरा बॉम्बे' आले. २०१५ साली कुर्ल्याच्या नेझीबरोबरचे 'मेरे गली में' आले, आणि २०१९ साली ह्या दोघांच्या जीवनावरून स्फूर्ती घेतलेला 'गली बॉय' हा चित्रपट निघाला. त्याच वर्षी त्याचा 'कोहिनूर' हा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला आणि २०२० साली 'पुण्य पाप'. त्याच्या भाषेतला रांगडेपणा आमच्या पिढीला खटकतो, हे आम्ही नाकारीत नाही. तरीही ज्या गल्लीतून आपण रोज भाजी घेऊन येतो, त्या गल्लीला स्वतःचा आवाज असू शकतो, हे आम्हांला त्याच्यामुळे कळले.

दुसरे उदाहरण अगदी निराळ्या प्रकृतीचे आहे. 'झीरो'चे गिटारवादक वॉरन मेंडोन्सा 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' ह्या नावाने जे अल्बम काढतात, त्यांत बहुतांशी शब्दच नसतात. २०१७ सालचा 'द लास्ट अॅनालॉग जनरेशन' आम्ही कितीदा ऐकला असेल ह्याची गणती नाही. एक गिटार बोलते आणि आपण गप्प होतो.

आता त्या बॉलपेनने लिहिलेल्या नावाकडे वळू.

आमच्या धर्मग्रामात एक मुलगा होता. नऊच्या मिस्साला तो गायनवृंदात गिटार वाजवी. २००४ साली त्याने तीन मित्रांच्या साहाय्याने स्वतःची आठ गाणी घरच्या खोलीत ध्वनिमुद्रित केली. बचतीचे पैसे आणि आईची सोन्याची साखळी गहाण ठेवून आलेली रक्कम घालून त्याने पाचशे सीडी काढल्या. शंभर रुपये किंमत. मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकाजवळ एक लहानसे टेबल मांडून तो उभा राही. आम्ही त्याला लहानपणापासून ओळखत होतो. पाठीवर थाप मारली, "शाब्बास" म्हटले आणि पाव घेऊन घरी आलो. शेजाऱ्यांनी सीडी विकत घेतली होती. तिची प्रत आम्ही संगणकावर काढून घेतली आणि कागदावर बॉलपेनने त्याचे नाव लिहिले. पुढच्या रविवारी त्याच्या कानावर गेले असावे, की सीडी आमच्याकडेही आहे. तो धावत आला आणि म्हणाला, "अंकल, ऐकली का? कुठलं गाणं आवडलं?"

आम्ही ती ऐकली नव्हती. आम्ही म्हणालो, "सगळीच छान आहेत, बाळा."

त्याच वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. त्याने आणि त्याच्या मित्रांनी चर्चच्या हॉलमध्ये तीन तास वाजवले. त्यांना पैसे द्यावेत असे आमच्या मनातही आले नाही. जेवण दिले, आशीर्वाद दिला. आपलाच मुलगा! मंडपवाल्याशी आम्ही घासाघीस केली, पण त्याचे पैसे त्याच रात्री चुकते केले. तो आपला नव्हता ना. दोन वर्षांनी तो मुलगा आखातात एका कंपनीच्या भांडारात नोकरीस लागला. न विकलेल्या सीडींची खोकी त्याच्या आईच्या खाटेखाली बरीच वर्षे होती. तिला भेटावयास गेलो की पाय त्यांना लागे.

जुन्या करारात नहेम्याच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात एक प्रसंग आहे. नहेम्या काही काळ यरुशलेमेबाहेर होता. तो परतल्यावर त्याला आढळले, की मंदिरातील लेवी आणि गायक आपापल्या शेतांकडे निघून गेले आहेत. त्यांचा ठरलेला वाटा कोणी त्यांना दिलाच नव्हता. नहेम्याने पळून गेलेल्यांना दोष दिला नाही. त्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला, की देवाचे मंदिर असे ओस का पडले? मग त्याने गायकांना परत बोलावून त्यांच्या जागी उभे केले. हा प्रसंग आम्ही पूर्वीही वाचला असेल. पण त्या आगमनकाळात तो वाचताना आमच्या डोळ्यांपुढे खाटेखालची खोकी आली. गायक शेताकडे गेला तर आपण म्हणतो, की त्याच्यात जिद्द नव्हती. धर्मशास्त्र म्हणते, आधी तुमचा हिशेब दाखवा.

कोणी म्हणेल, की त्याने तर स्वखुशीने वाजवले. त्याने मागितले असते तर दिले असते. ह्या युक्तिवादाला पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकात उत्तर देऊन ठेवले आहे. दोघांनी मान्य केले एवढ्याने वेतन न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी किंवा अधिक मोठ्या संकटाच्या भीतीने कामगार कमी वेतनाला राजी झाला, तर तो अन्यायाचाच बळी असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गिरणीकामगाराला लागू पडणारा हा न्याय गिटार वाजवणाऱ्याला का लागू पडू नये? त्याची गरज केवळ भाकरीची नव्हती. कोणीतरी ऐकावे ही त्याची गरज होती, आणि तिच्याच जोरावर आम्ही त्याला फुकट राबवले. अनुवाद ह्या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे. आमचा सूर्य मावळून वीस वर्षे झाली होती.

कॅसेटी गेल्या, सीडी गेल्या, म्हणून हा प्रश्न सुटला असे नाही. तो केवळ नजरेआड झाला आहे. आज आपण फोनवर महिन्याची वर्गणी भरतो किंवा जाहिराती सोसून फुकट ऐकतो. आपल्याला वाटते, की वर्गणी भरली म्हणजे ज्याला ऐकले त्याचे देणे फिटले. सर्वसाधारण पद्धत तशी नाही. साऱ्या वर्गणीदारांचे पैसे एका हौद्यात जातात, आणि एकूण वाजलेल्या गाण्यांत ज्याचा जेवढा वाटा, तेवढे त्याच्या गाण्याच्या हक्कधारकाला मिळते. म्हणजे आम्ही महिनाभर आमच्या परिसरातील एकाच अनोळखी गायकाला ऐकले, तरी आमच्या पैशाचा मोठा भाग ज्यांना आम्ही कधी ऐकलेही नाही अशा जगप्रसिद्धांकडे जातो. त्यातच २०२४ सालापासून स्पॉटिफायने असा नियम केला, की मागील बारा महिन्यांत निदान एक हजार वेळा वाजल्याशिवाय त्या ध्वनिमुद्रणाला मानधन मिळणार नाही. कायद्याने काहीच केले नाही असे नव्हे. २०१२ सालच्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतील त्यांचा वाटा सहजासहजी लिहून देता येणार नाही अशी तजवीज केली. परंतु पाचशे सीडी काढणाऱ्या मुलाला न्याय मिळावयाचा तर तो कायद्यापूर्वी चर्चच्या फाटकाजवळच मिळावयास हवा. सीडी विकत घ्यावी, तिकीट काढून कार्यक्रमास जावे, वाजवणाऱ्याला त्याच रात्री पाकीट द्यावे. ह्यात औदार्य काही नाही. हे केवळ देणे आहे.

पण पैसे दिले म्हणजे ऋण फिटले काय? येथे आमचे मन अडखळते. समजा, त्या रविवारी आम्ही शंभर रुपये देऊन सीडी घेतली असती आणि ती न ऐकताच कपाटात ठेवली असती, तर त्याच्या प्रश्नाला आमचे उत्तर खरे ठरले असते का? "कुठलं गाणं आवडलं?" हा प्रश्न शंभर रुपयांनी मिटणारा नव्हता. आमचे खोटे पैशाविषयी नव्हतेच; ते ऐकण्याविषयी होते.

संत अगस्तीन ह्यांनी 'कन्फेशन्स' ह्या आत्मनिवेदनपर ग्रंथाच्या दहाव्या भागात कानांच्या सुखाचा विचार केला आहे. बाप्तिस्म्याच्या दिवसांत मिलान येथील चर्चमधले गायन ऐकून त्यांना अश्रू आवरले नव्हते. पुढे बिशप झाल्यावर त्यांना शंका येऊ लागली, की आपले मन गायिल्या जाणाऱ्या अर्थाने हेलावते की नुसत्या सुराने? कधी त्यांना वाटे, की सर्व मधुर चाली चर्चमधून हद्दपार कराव्यात. आलेक्झांड्रियाचे संत अथनासियस स्तोत्रे जवळजवळ बोलल्यासारखी म्हणवून घेत, तेच बरे. अखेर दुर्बळ मनाला भक्तीकडे उचलण्यासाठी गायन असावे अशा निर्णयाकडे ते झुकले. मात्र अर्थापेक्षा सुरानेच आपल्याला अधिक हेलावले, तर आपण पाप केले असे ते मानीत.

हे वाचून आमच्या मनात आले, की ज्या पापाची अगस्तीन ह्यांना भीती होती, ते करण्याची पात्रता तरी आमच्या अंगी उरली आहे काय? ते इतके एकाग्र होऊन ऐकत, की सूर त्यांना ओढून नेई. आमच्या घरी सकाळी उठल्यापासून काही ना काही वाजतच असते, आणि त्यातले काहीच आम्हांला ओढून नेत नाही. रिक्षात गाणे, दुकानात गाणे, दाढी करताना गाणे. सुराने भुलणे हा त्यांच्यापुढचा धोका होता. आमचा धोका न ऐकणे हा आहे. आणि न ऐकणारा माणूस गाण्यापुरताच बहिरा राहत नाही. रविवारच्या प्रवचनात, जेवणाच्या टेबलावर, आजाऱ्याच्या उशाशी तो तसाच अर्ध्या कानाने बसतो.

ह्याच अगस्तीन ह्यांनी स्तोत्रसंहितेवरील विवरणात शब्दांवाचूनच्या गाण्याचा गौरव केला आहे, हेही विसरू नये. पीक कापणारे आणि द्राक्षे तोडणारे लोक आनंदाच्या भरात आधी शब्द गातात, मग शब्द अपुरे पडतात आणि नुसता सूर उरतो. जो शब्दांत मावत नाही त्या देवाची स्तुती अशीच करावी, असे त्यांचे मत. उपनगरांतील ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याच्या सणाला भाताच्या नव्या लोंब्या बँडच्या तालावर चर्चमध्ये नेतात. तो बँड ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. एक गिटार बोलते आणि आपण गप्प होतो असे वर म्हटले, तो अनुभवही ह्याच जातीचा आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमास जाण्याचे महत्त्व आम्हांला येथे दिसते. २००७ साली लोअर परळला 'ब्लू फ्रॉग' सुरू झाले आणि २०१६ साली बंद झाले. रंगभवनानंतर इंडिपेन्डन्स रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला. ह्या ठिकाणी आम्ही केवळ करमणुकीसाठी जात होतो, असे आता वाटत नाही. तेथे गाणारा आणि ऐकणारा एकमेकांना दिसतात. गाणाऱ्याचा स्वर चुकला तर तो आपल्यासमोर चुकतो. आपण जांभई दिली तर ती त्याला दिसते. दोघेही धोका पत्करतात. हे उपस्थितीचे मोल आपल्याला श्रद्धेच्या जीवनातून माहीत असावयास हवे. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे चर्चची दारे बंद झाली आणि आपण पडद्यावर मिस्सा पाहिली. ती सोय होती आणि आजाऱ्यांसाठी अजूनही आहे. पण त्या नोव्हेंबरात दारे उघडल्यावर, अंतर राखून, मुखपट्टी लावून बाकावर बसताना डोळे का भरून आले? पडद्यावर शब्द तेच होते, सूर तेच होते. तेथे आपण नव्हतो, एवढेच. संगीताचा कार्यक्रम म्हणजे मिस्सा नव्हे. त्यांची बरोबरी करणे हा प्रमाद ठरेल. परंतु माणसाने माणसासमोर सदेह उपस्थित राहावे, ही गोष्ट दोन्हींत आहे, आणि एकीकडे ती शिकलेला दुसरीकडे उपयोगी पडतो.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. जो कोणी गाईल त्याचे ऐकलेच पाहिजे काय? तसे नाही. रंगभवनाच्या परिसरात रुग्णालये आणि महाविद्यालय असल्यामुळे तो शांतता क्षेत्रात मोडला, आणि ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. तेव्हा आम्हांला राग आला होता. आज वाटते, की रुग्णालयातील खाटेवरच्या माणसाने आमच्या गाण्याला संमती दिली नव्हती. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती उचलून धरली, आणि मुंबईतील अनेक धर्मग्रामांनी नाताळची मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी अलीकडे आणली. त्याने येशूचा जन्म काही उणा झाला नाही. जबरदस्तीने कानावर आदळलेल्या आवाजाचे कोणावर ऋण नसते. ऋण असते ते आपण जे स्वेच्छेने घेतले त्याचे. त्या मुलाची गाणी आम्ही स्वेच्छेने घेतली होती. प्रत काढून घेतली होती.

गायनवृंदात दर रविवारी आपल्यासाठी जे गातात, त्यांचेही आपण घेतच असतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली चर्चच्या संगीतपरंपरेला अनमोल ठेवा म्हटले आणि ज्या त्या देशाच्या संगीताला उपासनेत मानाचे स्थान दिले. म्हणून आज आपण मराठीत गातो. पण पवित्र ख्रिस्तप्रसादानंतरचे गीत चालू असताना आपल्यापैकी कितीजण फाटकाबाहेरच्या दुचाकीचा विचार करीत असतात? त्यांत आम्ही होतो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

त्या आगमनकाळात एका रात्री आम्ही जुना सीडी प्लेअर जोडला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि ती सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मधे उठलो नाही. आठ गाणी, चाळीस मिनिटे. तीन गाणी सामान्य होती, दोन दुसऱ्यांच्या वळणावर गेलेली होती. दोन चांगली होती. चौथे ऐकताना आम्ही मान खाली घातली. ते त्याच्या वडिलांवर होते. ते वारले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांना मूठमाती दिली तेव्हा आम्ही कबरीजवळ उभे होतो. त्याने फाटकाजवळ काय विचारले होते, हे त्या रात्री आमच्या ध्यानी आले.

नाताळला तो सुट्टीवर आला होता. केस कानांपाशी पांढरे झाले आहेत. मिस्सा संपल्यावर आम्ही त्याला त्याच फाटकाजवळ गाठले. हातात पाकीट दिले आणि कसले ते सांगितले. प्रत काढल्याचेही सांगितले. आमच्या मुलाने ते ऐकले, तेही बरेच झाले. त्याने पाकिटातून शंभराची एक नोट काढून घेतली आणि बाकीचे परत आमच्या हातात ठेवले. "सीडीचे घेतो, अंकल. त्या संध्याकाळचे राहू द्या."

आम्ही म्हणालो, "चौथं गाणं. शेवटी कुकरची शिट्टी ऐकू येते ते."

तो क्षणभर काही बोलला नाही. मग हसला. "मम्मीचा कुकर. शिट्टी आली म्हणून पुन्हा वाजवायला हवं होतं, पण रडू येत होतं, नाही जमलं."

ते पाकीट अजून आमच्या कपाटात आहे. त्यातले पैसे आमचे नाहीत. नऊच्या मिस्सापूर्वी आमच्या चर्चमध्ये आताही एक मुलगी गिटारच्या तारा जुळवीत बसलेली असते. ते कोणाला द्यावयाचे, हे आम्हांला आता ठाऊक आहे. त्यापूर्वी तिला नीट ऐकावयाचे आहे.